पाठमोऱ्या बाईचा निळा सूट

त्या पोशाखात बाईला लघवीला जायची सोय नव्हती. सिनेमाच्या शूटिंगला मी महिनाभर होते हे कळलं की लोक विचारतात, हिरॉईन जवळून कशी दिसते, जेवायला काय असायचं, आपल्याशी बोलते का. मी सांगायला लागते ती पोशाखाची गोष्ट, आणि लघवी हा शब्द आला की ऐकणारा इकडेतिकडे बघायला लागतो. बघू दे. एवढ्या शिकलेल्या माणसांनी वर्षभर खपून एक पोशाख काढला आणि त्यातल्या एकालाही ही गोष्ट सुचली नाही. लाज वाटायचीच तर त्यांना वाटावी.

नंदुरबारला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळांचे गणवेश, आणि थंडीत गॅदरिंगचे कपडे. वाघ, मोर, परी, सैनिक, मागाल ते. सिनेमावाल्यांना गाड्या आणि जेवण पुरवणारा आमच्याच गावातला एक माणूस होता, त्याने माझं नाव सुचवलं. त्याच्यासोबत तो डिझायनर आला. पस्तिशीचा, मुंबईचा, मराठी बोलणारा, पण दर तिसरा शब्द हिंदी. मिरची वाळत घालायचे दिवस होते, हवेत नुसता ठसका. नंदुरबारात त्या दिवसांत बाहेरचा माणूस ओळखायला फार वेळ लागत नाही, हा शिंकतच दुकानात शिरला आणि शिंकतच बोलला.

त्याने माझ्यापुढे एक जुनं कॉमिक ठेवलं. हिंदी. मुखपृष्ठावर निळ्या कपड्यातली एक बाई कड्यावरून झेप घेत होती. डोळ्यांवर मुखवटा, पाठीच्या कण्यावर तांब्याच्या रंगाचे खवले. लहानपणी तो हे वाचायचा, आणि आता त्याचाच सिनेमा होत होता. गोष्टीतली बाई डोंगरातली, म्हणून शूटिंग आपल्या सातपुड्यात, अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढणाऱ्या घाटाच्या अंगाला.

चित्रातला पोशाख अंगावर रंगवल्यासारखा होता. शिवण नाही, काज नाही, चेन नाही. चित्राला कशाला लागेल चेन? तो म्हणाला, "ताई, हे असंच्या असं जिवंत माणसावर दिसायला हवं, हेच माझं काम." आणि खोटं कशाला बोलू, त्याने ते काम जीव ओतून केलं होतं. पहिलं कापड गुडघ्यावर चुण्या पाडत होतं म्हणून टाकलं. दुसरं हातात निळं होतं पण कॅमेऱ्यात काळं दिसत होतं, तेही टाकलं. तिसरं चारी बाजूंनी ताणणारं, दोन थरांचं, ते मुंबईत रंगवून घेतलं. मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं कितीदा तरी बदलली होती, कारण मोठी केली तर बाई घाबरल्यासारखी दिसायची आणि लहान केली तर तिला पायाखालचं दिसायचं नाही. खवले रबराचे होते, एकेक हाताने रंगवलेला. मी बोटाने चाचपून बघितले आणि मनात म्हटलं, या माणसाला काम येतं.

एकूण सहा सूट लागणार होते. दोन मुंबईहून तयार होऊन आले होते. बाकीच्या चारांचे तुकडे कापलेले होते, ते जोडायचे, आणि शूटिंगच्या जागी रोजची दुरुस्ती करायची. माझ्याकडे ताणणारं कापड शिवणारं ओव्हरलॉक मशीन होतं, म्हणून मी.

मी सूट उलटा करून बघितला. मानेपासून माकडहाडापर्यंत मागे चेन. ती लावली की वरून खवल्यांची पट्टी गमाने चिकटवायची. मग छातीचं कवच, खांदे, कमरेचा पट्टा, गुडघ्यापर्यंतचे बूट. घालायला पाऊण तास, काढायला अर्धा.

मी विचारलं, "आणि बाईने बाथरूमला जायचं कसं?"

तो हसला. "ताई, सुपरहिरो आहे ती. तिला लागत नाही."

दुकानात हशा झाला. गाड्यावाला हसला, माझ्याकडे मशीनवर कामाला असलेल्या दोघी मुली हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि तो दुसऱ्या कोणावर काढता येत नाही.

मे महिन्यात शूटिंग सुरू झालं. माझी मावसबहीण अक्कलकुव्याला असते, तिच्याकडे मी राहिले. सकाळी युनिटची गाडी घ्यायला यायची. रस्त्याच्या कडेला हिरॉईनची मोठी एसी गाडी उभी असायची, आत पलंग, आरसा, संडास, सगळं. तिथून वर, दगडांच्या उताराजवळ आमचा तंबू. तंबूत कपडे, माझं मशीन, एक पंखा. तो पंखा कपड्यांसाठी होता, कारण गम लवकर वाळत नव्हता.

हिरॉईनच्या जागी उड्या मारायला मुंबईहून एक पोरगी आली होती, डबल म्हणतात तिला. दोरीवरचं तिचं काम पक्कं होतं. पण सुट्या दगडांच्या उतारावरून धावायचं म्हटल्यावर ती दोनदा घसरली आणि फाइट मास्तरने हात वर केले. तेव्हा गाड्यावाल्याने मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एक बाई आणली. पंचविशीची असेल. उंची हिरॉईनचीच, खांदे तेच. तिला म्हणाले, या दगडांवरून त्या झाडापर्यंत पळून दाखव. ती चप्पल काढून अशी गेली की डायरेक्टर खुर्चीतून उठून उभा राहिला. तिचं काम ठरलं. पाठमोरं धावायचं. चेहरा कधीच दिसणार नाही.

ही बाई नुकतीच गुजरातेतून ऊसतोड करून परतली होती. घरी बोलायची पावरी. मला ती भाषा येत नाही. पण ब्राह्मणपुरीकडे पपईच्या शेतांत कामाला येऊन येऊन तिला अहिराणी येत होती, आणि मी तर घरी तीच बोलते. माझ्याशी ती त्यातच बोलायची. मला बेन म्हणायची, म्हणजे बहीण.

पहिल्या दिवशी मी तिला सूट चढवला. खवले चिकटवून झाले, पट्टा आवळला. तिने हात वर केले, खाली बसून बघितलं, कंबर वळवून बघितली. मग म्हणाली, "बेन, हाई काढानं कसं?"

मी सांगितलं, आधी बूट, मग पट्टा, मग खवले ओले करून सोडवायचे, मग चेन.

"मंग मुताले कव्हय जावानं?"

 दुकानात मी हाच प्रश्न विचारला होता आणि हसण्यावारी जाऊ दिला होता. ही हसली नाही. तिला त्यात विनोद दिसलाच नाही, कारण सूट तिच्या अंगावर होता.

त्या दिवसापासून तिने पाणी सोडलं. सकाळी पाड्यावरून निघताना एक पेला प्यायची, मग संध्याकाळी सूट उतरल्यावर. मे महिना, डोंगराचा काळा दगड, अंगावर दोन थरांचं कापड आणि रबर. मी बाटली पुढे केली की मान हलवायची. "पिनू ते लागी." प्यायले तर लागेल, एवढंच. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आणि तिने तक्रार केली नाही म्हणून सगळ्यांचं सोयीचं झालं.

दुसऱ्या दिवशी मी डिझायनरला गाठलं. तो मुखवट्याच्या रंगात अडकला होता.

"ती बाई दिवसभर पाणी पीत नाही," मी म्हटलं. "सुटाला खालून उघडायची सोय करू या. मी करते."

"ताई, तिथे कापड कापलं की ताण जातो. ती पाय फाकवून उडी मारते तेव्हा उसवेल. आणि फुगवटा कॅमेऱ्यात दिसतो." हे त्याने समजावून सांगितलं, उद्धटपणे नाही. मग म्हणाला, "आठ दिवसांचं तर काम आहे तिचं."

आठ दिवस. तो स्वतः दर तासाला लिंबूपाणी पीत होता आणि दर तासाला झाडामागे जाऊन येत होता. मी मोजत नव्हते, पण तंबूतून दिसायचं.

मी असिस्टंट डायरेक्टरकडे गेले. त्याच्या हातात वॉकीटॉकी, कानात वायर. त्याने माझं अर्धंच ऐकलं आणि म्हणाला, "मग तिला पाणी कमी द्या ना."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. ते क्रूर माणसाचं वाक्य नव्हतं. घाईतल्या माणसाचं होतं. पण घाईत माणसाच्या तोंडून जे पटकन निघतं तेच त्याच्या मनात आधीपासून असतं, असं माझं मत झालं आहे. बाईला कमी द्या. पाणी द्या, पण कमी द्या.

घरी फोन केला तर आमचे हे म्हणाले, "तू कसाले बोलस? तुले दिलं ते काम कर." मी फोन ठेवून दिला. त्यांच्यावरही चिडले. त्यांचं म्हणणं सगळ्यांसारखंच होतं. शिवणारणीने शिवावं.

चौथ्या दिवशी दुपारी ती शॉट देऊन तंबूत आली तेव्हा कुडकुडत होती. बाहेर ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता, आणि ही थरथरत होती. काय होतंय विचारलं तर नुसती मान हलवली. तंबूत दोन पुरुष होते, गम घोटत बसलेले. मी त्यांना बाहेर काढलं. तेव्हा तिने माझा हात धरून स्वतःच्या ओटीपोटावर ठेवला. सुटावरूनसुद्धा गरम लागलं. "आग व्हई ऱ्हायनी बेन," ती म्हणाली. "कालपासून."

मी खवले ओले करायला बसले नाही. ओढून काढले. बाहेरून कोणीतरी ओरडत होतं, "डबलला आणा, लाइट जातोय." मी तिला माझी साडी गुंडाळली, मी परकरावर ओढणी लावली, आणि युनिटच्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं, चल. तो म्हणाला, विचारायला लागेल. मी म्हटलं, मागून विचार.

अक्कलकुव्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती. तपासलं, सुई दिली, सलाईन लावली. म्हणाली, लघवी तुंबवून ठेवली आहे आणि पोटात पाणी नाही, अजून दोन दिवस असेच गेले असते तर मूत्रपिंडावर गेलं असतं. कुठे कामाला जाते, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. शूटिंग, सूट, चेन, खवले.

तिने माझ्याकडे बघितलं. "तो सूट तुम्ही शिवता ना? मग तुम्हाला कळलं नाही?"

मला कळलं होतं. पहिल्या दिवशी कळलं होतं, नंदुरबारला, माझ्या स्वतःच्या दुकानात. 

पाठमोऱ्या बाईला मी मावसबहिणीच्या घरी ठेवलं. दोन दिवस ती तिथे झोपून राहिली. शूटिंगवर त्या दोन दिवसांत हिरॉईनचे संवाद घेतले, म्हणून कोणाचं अडलं नाही. तिची तब्येत विचारायला कोणी आलं नाही. गाडी परवानगीशिवाय नेली म्हणून मात्र मला दोघांनी वेगवेगळं ऐकवलं.

तिचा सूट तंबूत हँगरला लटकत होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी तो मशीनवर घेतला आणि कात्री लावली.

हे काम मला सुचलं ते कुठून, तर लेकुरवाळ्या बायकांच्या ब्लाऊजवरून. आमच्याकडे सासरी चारचौघांत बसून बाळाला पाजायचं असतं, आणि ब्लाऊज उघडलेला दिसता कामा नये. म्हणून मी टक्समध्ये लपवून पट्टी काढते, एकावर एक दोन पदर, मधे हूक. पंचवीस वर्षं काढते आहे. बघणाऱ्याला शिवण दिसते, उघडायची जागा दिसत नाही. तेच इथे केलं. सुटावर पुढून मागे जिथे गडद निळा आणि फिका निळा मिळतात ती रेघ पायांमधूनच जात होती. त्या रेघेवर मी बारीक चेन बसवली, दोन्ही टोकांनी उघडणारी. वर त्याच कापडाची पट्टी, एकावर एक चढलेली. आत मऊ सुती अस्तर, कातडीला चेन घासू नये म्हणून. ताण जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना इलास्टिक ताणून तिरकी टीप मारली. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा बसलं. दुपारचं जेवण झालं नाही.

ती परत आली त्या सकाळी मी तिला काही न सांगता सूट चढवला, मग दाखवलं. तिने खाली बसून बघितलं. एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारली. पाय फाकवून खाली वाकली. काही उसवलं नाही, काही फुगलं नाही. मग ती करवंदीच्या जाळीमागे गेली आणि तीन मिनिटांत परत आली. येताना हसत होती. त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा दात दाखवून हसताना बघितलं. तिने बाटली उचलली आणि उभ्याउभ्या सगळी संपवली, आणि दुसरी मागितली.

तेवढ्यात डिझायनर आत आला. "हिला एवढं पाणी कोणी दिलं?"

"मी," म्हटलं.

त्याने सुटाकडे बघितलं. त्याची नजर तेज होती, हे मान्य करायलाच हवं. दुसऱ्या कोणाला शोधूनही सापडलं नसतं, त्याला रेघेवरची पट्टी दिसली. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"मला न विचारता कात्री लावलीत?"

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"नाही म्हणालो ना? मग? वर्षभराचं काम आहे हे माझं, ताई! तुमच्या दुकानातला ब्लाऊज नाही!"

"ब्लाऊज असता तर बरं झालं असतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ब्लाऊज शिवताना मी आधी विचारते, बाईला श्वास घेता येतो का. तुम्ही वर्षभर डोळ्यांची भोकं मोजलीत. खाली कोणी बघितलं नाही. का, तर तिथे बघायची लाज. आणि ती बाई सलाईनवर पडली त्याची लाज नाही!"

"आवाज खाली करा."

"का करू?"

तो म्हणाला, तुमचं काम संपलं, सामान आवरा. मी आवरायला घेतलं. टेप, खडू, माझी कात्री.  पाठमोरी बाई मधे उभी, निळ्या सुटात, हातात रिकामी बाटली. तिला मराठी कळत होतं. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

आमचा आवाज खालपर्यंत गेला असावा. हिरॉईन वर आली. तिच्या अंगावर तसाच सूट होता, मुखवटा हातात. हिंदीत विचारलं, काय झालं? डिझायनर म्हणाला, काही नाही मॅडम, छोटी गोष्ट आहे. मी म्हटलं, छोटी नाही, आणि सांगून टाकलं.

तिने पाठमोऱ्या बाईला विचारलं, "बघू?" बाईने दाखवलं. चेन उघडून, लावून, पट्टी बसवून. हिरॉईनने स्वतः चेन एकदा ओढून बघितली. मग म्हणाली, "मी इतके दिवस सकाळपासून दोन घोटांवर राहते आहे. गाडीत संडास असून उपयोग काय? मला वाटलं, या कामात असंच असतं." आणि डिझायनरला म्हणाली, "माझ्या सुटांना आजच हे करून पाहिजे."

तो म्हणाला, "ऑफ कोर्स, मॅडम. मस्त आयडिया आहे."

मस्त आयडिया. मघाशी जी कात्री वर्षभराच्या कामावर चालली होती ती आता मस्त आयडिया झाली. तोच सूट, तीच जागा, तीच चेन. फक्त मागणाऱ्याचं तोंड बदललं होतं, आणि त्या तोंडाचा चेहरा सिनेमात दिसणार होता. हिरॉईनवर माझा राग नाही. तिचाही त्रास खरा होता. पण तिचं दुखणं तिच्या तोंडून निघालं आणि लगेच त्यावर औषध मिळालं. हिचं दुखणं ताप येऊन दवाखान्यात पोचलं, तरी ते दुखणं होतं की नाही यावर आम्ही भांडत होतो.

"ताई," डिझायनर माझ्याकडे वळून म्हणाला, एकदम मऊ आवाजात, "बाकीच्या पाचांना किती वेळ लागेल?"

मी कात्री पिशवीत टाकली होती. ती तशीच राहू दिली. म्हटलं, "करते. पण वर तंबूपाशी संडास पाहिजे. तुमच्या मॅडमची गाडी खाली आहे. ही बाई सूट घालून किती दिवस जाळीमागे जाणार? इथे सगळी पुरुषमाणसं फिरतात."

हिरॉईन समोर उभी होती म्हणून असेल, त्याने लगेच फोन लावला. दुसऱ्या दिवशी ट्रकवरून फिरतं शौचालय आलं. पांढरं, प्लास्टिकचं, आत आरसासुद्धा. मी दोन दिवसांत पाचही सूट करून दिले. शेवटचा सूट देताना मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

कुठलं झालं? संडासाला कुलूप होतं आणि किल्ली राखणदाराकडे. तो बाहेरगावचा, मिशीवाला, कडक. पाठमोरी बाई सकाळी साध्या कपड्यांत गेली तर त्याने तिला हाकललं. "आर्टिस्टसाठी आहे. तुमच्यासाठी तिकडे रान आहे." ती परत आली आणि तिने मला सांगितलं. मी उठलेच, भांडायला. तिने माझा हात धरून खाली बसवलं. "थांब बेन. सूट घाल माले."

मी तिला सूट घातला. मग तिने स्वतः मुखवटा उचलला आणि चेहऱ्यावर चढवला. पाठमोरं धावणाऱ्या बाईला मुखवट्याची गरज नसायची, फार तर केसांचा टोप. ती तंबूतून बाहेर पडली आणि सरळ, ताठ, हळू चालत संडासाकडे गेली. मी दारातून बघत होते. राखणदार ताडकन उभा राहिला. त्याने सलाम ठोकला. किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला, कोणी येऊ नये म्हणून.

ती आतून बाहेर आली, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि परत आली. तंबूत शिरल्यावर मुखवटा काढला आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ती रोज तसंच करायला लागली. कामाचे राहिलेले सगळे दिवस तो माणूस तिला रोज सलाम ठोकत होता.

लोकांना हा भाग ऐकायला आवडतो. ते हसतात आणि म्हणतात, काय डोकं आहे हो बाईचं! मला मात्र हसल्यानंतर लगेच कसंतरी झालं होतं, आणि अजून होतं. मुतायला जाण्यासाठी एका बाईला दुसरी बाई व्हावं लागलं. स्वतःच्या तोंडाने ती गेली तर रान, मुखवटा घालून गेली तर सलाम. मी हे डिझायनरला सांगितलं. तो हसला, म्हणाला, "मस्त सीन आहे ताई, लिहून ठेवायला पाहिजे." किल्ली तो राखणदाराकडून काढून घेईल असं मला वाटलं होतं. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. मी तिला निरोप पाठवला. ती मोलगीहून जीपने अक्कलकुव्याला, तिथून एसटीने नंदुरबारला आली, नवी साडी नेसून, केसांना तेल लावून. दुपारच्या खेळाला आम्ही दोघीच गेलो. धावण्याचा भाग आला तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. पडद्यावर निळी पाठ, तांब्याचे खवले, दगडामागून दगड, आणि पाय असे की जमिनीला लागत होते की नाही कळू नये. मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "काय धावते हो ही!" आणि हिरॉईनचं नाव घेतलं.

मी वळून म्हटलं, "ती नाही. ही धावली आहे. ही, इथे बसली आहे ती."

त्या बाईने आधी माझ्याकडे, मग हिच्या साडीकडे बघितलं आणि नवऱ्याला काहीतरी कुजबुजली. दोघं हसले. पाठमोऱ्या बाईने मला कोपर मारलं. "ऱ्हाऊ दे बेन."

सिनेमा संपला. लोक उठले, दिवे लागले, पण पडद्यावर नावं सरकत होती, म्हणून मी बसून राहिले. तिला वाचता येत नाही. नावं इंग्रजीत होती आणि पळत होती. मी एकेक वाचत होते. झाडूवाला खुर्च्यांमधून आमच्यापर्यंत आला आणि थांबला.

"मन्हं नाव उनं का?" तिने विचारलं.

"नही माय."

"तुन्हं?"

"मन्हं बी नही."

डिझायनरचं होतं, त्याच्या हाताखालच्या दहा जणांचं होतं. जेवण देणाऱ्याचं होतं. ते फिरतं शौचालय ज्या कंपनीचं होतं तिचंसुद्धा नाव होतं, आभार म्हणून. ते मी तिला वाचून दाखवलं नाही. पडदा पांढरा झाल्यावर आम्ही उठलो. स्टँडवर तिला भजी खाऊ घातली.  गाडीत बसताना म्हणाली, या साली गुजरातेत जायचं नाही, शहाद्याकडे काम मिळालं तर बघायचं आहे. मी म्हटलं, माझ्याकडे ये, मशीन शिकवते. ती म्हणाली, बसून राहायचं काम जमणार नाही. आणि गेली.

मी डिझायनरला फोन केला. म्हटलं, तिचं नाव का नाही? तो म्हणाला, "ताई, ती लिस्ट प्रोडक्शन बनवतं, माझ्या हातात नसतं." म्हटलं, माझं सोडा, पण ज्या पाठीवर तुमचे खवले होते तिचं नाव तुम्हाला तरी माहीत आहे का?  मग म्हणाला, "काहीतरी होतं हो, आठवत नाही आत्ता." मी त्याला तिचं नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. म्हटलं, लिहून घ्या. पलीकडून कागदाचा आवाज आला नाही.

चार महिन्यांनी त्याचाच फोन आला. नवीन सिनेमा आहे, या वेळी सुपरहिरो पुरुष आहे, सहा नाही, दहा सूट लागतील, येता का? मी विचारलं, धावणारा कोण आहे? तो म्हणाला, अजून ठरलं नाही, ते सगळ्यात शेवटी ठरतं. मी म्हटलं, तर मग ते ठरलं की मला कळवा. माप आधी त्याचं घेईन, तुमच्या हिरोचं नंतर.

तो कळवतो म्हणाला. त्याला आता बरेच दिवस झाले.